नाकात भरलेलं काढता यायला हवं

प्रिय डॉक्टरताई,
मी २६ वर्षांची आहे, नाशिकला बँकेत नोकरी करते. चार महिन्यांनी माझं लग्न आहे. माझ्या नाकाच्या दांड्यावर मधोमध उंचवटा आहे आणि शेंडा जरा खाली झुकलेला आहे. समोरून फारसं कळत नाही, पण साखरपुड्यात बाजूने काढलेला एकही फोटो मला बघवत नाही. दहावीत असताना स्कूटीवरून पडले, तेव्हा नाकाला मार लागला होता. तेव्हापासून डावी नाकपुडी बऱ्याचदा चोंदलेली असते. ऑपरेशनची भीती वाटते म्हणून फिलरची, म्हणजे सुईने जेलसारखा पदार्थ टोचून आकार भरून घेण्याची, चौकशी केली. एका त्वचारोगतज्ज्ञांनी हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर सुचवला, वर्ष-दीड वर्ष टिकेल म्हणाले. दुसऱ्या क्लिनिकमध्ये कॅल्शियमचा फिलर जास्त टिकतो असं सांगितलं. घराजवळच्या ब्युटी स्टुडिओत ‘कायमचा फिलर, एकदाच खर्च’ म्हणतात आणि तो निम्म्या किमतीत आहे. मैत्रीण म्हणते, नाकाला अर्धीच सिरिंज लागते, आपण दोघींत मिळून एक घेऊ. यातलं काय निवडू? आणि लग्नात नथ घालता येईल ना? आईला अजून काहीच सांगितलेलं नाही.
– एक वाचक, नाशिक

प्रिय मैत्रिणी,

सरळ उत्तर आधी देते. नाकात फिलर घ्यायचाच ठरला तर तो हायल्युरॉनिक ॲसिडचाच घे. कॅल्शियमचा नाकासाठी नको आणि ‘कायमचा’ तर कुठल्याच परिस्थितीत नको. पण तुझ्या पत्रातलं चोंदलेल्या नाकपुडीबद्दलचं वाक्य मला फिलरपेक्षा महत्त्वाचं वाटतं. त्याचं उत्तर मिळेपर्यंत कुणालाही नाकाला सुई लावू देऊ नकोस. त्याकडे येतेच, आधी फिलरचं बोलू.

तू तिन्ही फिलरची तुलना टिकण्यावरून केली आहेस. दुकानदार आणि क्लिनिकवालेही तशीच करतात, त्यामुळे तुला दोष नाही. पण नाकाच्या बाबतीत पहिला प्रश्न ‘किती दिवस टिकेल’ हा नसतो. काही बिघडलं तर हे बाहेर काढता येईल का, हा असतो. हायल्युरॉनिक ॲसिडच्या बाबतीत याचं उत्तर ‘हो’ आहे.

हा पदार्थ आपल्या शरीरात मुळातच असतो, त्वचेत, सांध्यांत, डोळ्यात. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये तो पहिल्यांदा वेगळा काढला, तोही गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातून. आपलं शरीर तो सतत बनवतं आणि सतत मोडतं. नुसता टोचला तर काही दिवसांत नाहीसा होईल, म्हणून कंपन्या त्याच्या साखळ्या रसायनाने एकमेकींत गुंतवून त्याचं जेल करतात. हे जेल मोडणारं एन्झाइम म्हणजे हायल्युरोनिडेस. ते कुपीत मिळतं. डॉक्टर ते पाण्यात मिसळून फिलरच्या जागी टोचतात आणि काही तासांपासून एक-दोन दिवसांत गाठ उतरते. आकार आवडला नाही, एका बाजूला जास्त झालं, किंवा रक्तवाहिनीत अडथळा आला, तरी हाताशी उपाय असतो.

कॅल्शियमच्या फिलरमध्ये कॅल्शियम हायड्रॉक्सिलॅपेटाइटचे, म्हणजे आपल्या हाडांत असतं त्याच जातीच्या खनिजाचे, सूक्ष्म कण असतात. रेडिएस हे त्यातलं नावाजलेलं नाव. गालाच्या खोल घड्या किंवा हाताची पाठ यांसाठी तो चांगला आहे, त्याच्याबद्दल माझा आकस नाही. मात्र हायल्युरोनिडेसचा त्याच्यावर परिणाम होत नाही आणि तितकाच भरवशाचा दुसरा उताराही आज नाही. जिथे चुकीला जागा जवळजवळ नाही तिथे असा पदार्थ वापरू नये, एवढंच माझं म्हणणं.

आता तो ‘कायमचा’. त्या स्टुडिओत विचार की सिरिंजमध्ये नेमकं काय आहे आणि डबा बघायला माग. ॲक्रिलिकचे बारीक मणी असतील, पॉलिॲक्रिलमाइड जेल असेल, नाहीतर द्रवरूप सिलिकॉन. सिलिकॉन असं टोचून चेहऱ्याचा आकार बदलायला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची, म्हणजे एफडीएची, मान्यता नाही, आणि त्याबद्दल त्यांनी लोकांना पुन्हा पुन्हा सावध केलं आहे. कायमचा पदार्थ शरीरात राहतो, पण शरीर त्याच्याभोवती बदलत राहतं. कधी दोन वर्षांनी, कधी दहा वर्षांनी त्याच्याभोवती सूज येते, गाठी धरतात, पू होतो. मग ते कापून काढावं लागतं, आणि नाकावरच्या पातळ त्वचेखालून कण न् कण काढणं जवळजवळ अशक्य असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात पॅराफिन मेण टोचायची टूम निघाली होती. ग्लॅडिस डीकन ही तेव्हाची सौंदर्यासाठी गाजलेली तरुणी, पुढे मार्लबरोची डचेस झाली. तिने नाकाचा दांडा सरळ दिसावा म्हणून त्यात मेण भरून घेतलं. ते जागेवरून खाली सरकलं आणि चेहरा जन्मभरासाठी बिघडला. पदार्थ बदलले, पण ‘एकदा भरा आणि विसरा’ हे आश्वासन तेच राहिलं आहे. निम्म्या किमतीला भुलू नकोस.

नाकाबद्दल मी इतकी अडून का बसते, ते नीट सांगायला हवं, कारण तुला ही गोष्ट कुणीच सांगितलेली दिसत नाही.

नाकावरच्या, दोन भुवयांमधल्या आणि कपाळाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिनीशी थेट जोडलेल्या असतात. या जोडणीचा आपल्याकडे फार जुना उपयोग आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापलं गेलेला कावसजी नावाचा मराठी बैलगाडीवान होता. पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याचं नवं नाक बनवलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याचं सचित्र वर्णन लंडनच्या मासिकात छापून आलं आणि युरोपातल्या शल्यचिकित्सकांनी ही विद्या तिथून उचलली. कपाळाची ती कातडी जगते, कारण भुवयांमध्ये ती एका अरुंद पट्टीने जोडलेली ठेवतात आणि त्या पट्टीतून तिला रक्त मिळत राहतं. ते रक्त येतं डोळ्याच्या खोबणीतून, डोळ्याच्याच रक्तवाहिनीच्या शाखेतून.

ज्या वाटेने डोळ्याकडून नाकाकडे रक्त येतं, त्याच वाटेने फिलर उलटा जाऊ शकतो. सुईचं टोक नकळत रक्तवाहिनीत असलं आणि सिरिंजचा दट्ट्या जोराने दाबला, तर जेल रक्ताच्या प्रवाहाविरुद्ध मागे ढकललं जातं. दाब सुटला की ते पुन्हा पुढे निघतं, पण आता पडद्याला, म्हणजे रेटिनाला, रक्त देणाऱ्या शाखेत शिरतं. यासाठी मिलिलीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी जेल पुरतं. रेटिना रक्ताशिवाय तास-दीड तासच तग धरते. २०१५ मध्ये जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतून फिलरमुळे दृष्टीवर परिणाम झाल्याची ९८ प्रकरणं गोळा केली गेली. २०१९ मध्ये त्याच अभ्यासकांनी त्यात ४८ नव्या प्रकरणांची भर घातली, आणि या नव्या प्रकरणांत निम्म्याहून जास्त वेळा सुई नाकाच्या भागात टोचलेली होती. त्यातली बहुतेक हायल्युरॉनिक ॲसिडचीच होती, हेही तुझ्यापासून लपवत नाही. उतारा असला म्हणजे धोका नाही असं नव्हे. त्वचेच्या बाबतीत तो उतारा पुष्कळदा नाक वाचवतो, पण डोळ्याच्या बाबतीत गेलेली दृष्टी परत आलेली उदाहरणं फार थोडी आहेत.

जगात दरवर्षी लाखो लोक फिलर घेतात. त्या मानाने हे अगदी क्वचित घडतं आणि अनुभवी हातात आणखी क्वचित. पण एफडीएने गाल, ओठ, हनुवटी अशा ठरावीक जागांसाठी फिलरला मान्यता दिली आहे, नाक त्यात नाही. डॉक्टर नाकात ते आपल्या जबाबदारीवर वापरतात. बेकायदा नाही, पण ही माहिती सुई टोचण्याआधी पेशंटला मिळायलाच हवी असं मला कळकळीने वाटतं. ‘दहा मिनिटांत नाक सरळ’ म्हणणाऱ्या रीलमध्ये ती कुणी देत नाही.

आता हायल्युरॉनिकमधला कोणता, ते सांगते. एकाच कंपनीचे पाच-सहा फिलर असतात आणि त्यांत मुख्य फरक घट्टपणाचा असतो. डॉक्टरांकडे काचपट्टीवर दोन थेंब काढून दाखवायला सांग. एक चक्क्यासारखा आपला ढीग धरून राहील, दुसरा हळूहळू पसरेल. नाकाच्या दांड्यावर त्वचा ताणून बसलेली असते आणि खालच्या जेलला सतत दाबत राहते. ओठांसाठीचा मऊ फिलर तिथे घातला तर तो आठवड्यांत बाजूंना पसरतो, आणि धारदार होण्याऐवजी नाक रुंद दिसायला लागतं. म्हणून नाकाला घट्ट, आकार धरून ठेवणारा आणि फार पाणी न शोषणारा फिलर लागतो. ज्युव्हेडर्म व्हॉल्युमा, रेस्टिलेन लिफ्ट ही त्या जातीतली माहितीतली नावं, दोन्हींत एका मिलिलीटरला २० मिलिग्रॅम हायल्युरॉनिक ॲसिड असतं. यापलीकडे ब्रँडच्या वादात पडू नकोस. डॉक्टर जो रोज वापरतात, ज्याचं वागणं त्यांच्या बोटांना ठाऊक आहे, तो त्यांच्या हातात जास्त सुरक्षित. तू फक्त एवढं बघ की फिलर हायल्युरॉनिकचा आहे, घट्ट जातीचा आहे आणि डबा तुझ्यासमोर फोडला आहे. डब्यात सिरिंजबरोबर लॉट नंबरची चिकटपट्टी असते. एक फाइलवर लागते, एक तू मागून घे. मुदत संपायची तारीखही वाच.

अर्ध्या सिरिंजबद्दल मैत्रिणीचं एक म्हणणं बरोबर आहे. नाकाला बहुतेक वेळा मिलिलीटरच्या तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंतच फिलर लागतो. पण एका माणसाला टोचलेली सिरिंज दुसऱ्याला कधीही वापरायची नाही, सुई बदलली तरीही. दट्ट्या मागे आला की रक्ताचा अंश सिरिंजमध्ये येऊ शकतो, आणि त्यातून कावीळ-बी, कावीळ-सी, एचआयव्ही जाऊ शकतो. उरलेला फिलर फेकून द्यावा लागतो, पैसे वाया गेले तरी. ‘पैसे भरलेत तर सगळा घालून टाका’ असंही म्हणू नकोस. नाकात थोडं कमी राहिलेलं बरं, हवं तर तीन-चार आठवड्यांनी आणखी घालता येतं.

आणि आता तुझं नाक. दांड्यावरचा उंचवटा फिलरने कमी होत नाही, कारण फिलर फक्त भर घालतो. उंचवट्याच्या वर, भुवयांच्या खालच्या खोलगट जागी थोडं भरतात, गरज पडली तर खालीही, म्हणजे बाजूने बघताना रेघ सरळ दिसते. उंचवटा लहान असेल तर हे खरोखर सुरेख दिसतं, यात शंका नाही. मोठा असेल तर तो झाकण्याइतका फिलर घालावा लागतो, आणि बाजूने सरळ दिसणारं नाक समोरून जड होतं. शेंड्याबाबत मी जास्त कडक आहे. शेंड्याची त्वचा जाड आणि घट्ट असते, आत जागा नसते, आणि रक्त बारीक वाहिन्यांतून येतं. तिथे फिलर दाटला तर बाहेरूनच वाहिन्या दाबून त्वचा काळी पडू शकते. तुझा शेंडा फक्त हसतानाच खाली येतो का, ते आरशासमोर हसून बघ. तसं असेल तर तो ओढणाऱ्या स्नायूला बोटॉक्सचे, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाचे, एक-दोन थेंब देऊन काम भागतं का, हे डॉक्टरांना विचार. एरवीही झुकलेला असेल तर फिलरने तो उचलायचा हट्ट नको.

आता नाकपुडी. पडल्यानंतर एक बाजू वर्षानुवर्षं चोंदलेली राहते, तेव्हा नाकाचा मधला पडदा वाकडा झाल्याची शक्यता मोठी असते. तो उंचवटाही कदाचित त्याच माराचा असेल. हे फिलरने सुधारत नाही. म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. ते दुर्बिणीने आत बघतील, पाच-दहा मिनिटांची तपासणी आहे आणि दुखत नाही. पडदा खरंच वाकडा निघाला आणि शस्त्रक्रिया करावी असं ठरलं, तर पडदा सरळ करणं आणि नाकाचा आकार सुधारणं एकाच भुलीत करता येतं. तसं झालं तर आज फिलरवर घातलेले पैसे आणि पत्करलेला धोका दोन्ही फुकट जातील, शिवाय शस्त्रक्रियेआधी तो विरघळवावाही लागेल. मार लागलेल्या नाकात रक्तवाहिन्यांची जागा पुस्तकात दाखवतात तशीच राहिली असेल याचीही खात्री नसते. ज्यांच्या नाकाची आधी शस्त्रक्रिया झाली आहे त्यांना तर मी फिलरपासून लांबच राहायला सांगते.

ऑपरेशनची भीती मी समजू शकते. पण भीती वाटते म्हणून सुई निवडताना सुईची जोखीम शून्य आहे असं धरून चालू नकोस. तज्ज्ञांशी बोल, मग ठरव. इतकं मात्र सांगते की शस्त्रक्रियेनंतर ढोबळ सूज दोन-तीन आठवड्यांत उतरली तरी नाकाचा खरा आकार बसायला वर्षभर जातं. त्यामुळे चार महिन्यांवर लग्न असताना बहुतेक सर्जन ‘लग्नानंतर या’ म्हणतील. ते टाळत नाहीत, तुझ्या हिताचंच बोलत असतात.

सगळं तपासून फिलरच ठरला तर माणूस नीट निवड. त्वचारोगात एम.डी., प्लॅस्टिक सर्जरीत एम.सी.एच. किंवा नाकाच्या आकाराच्या शस्त्रक्रिया करणारे कान-नाक-घसा सर्जन, यांपैकी कुणीतरी हवं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव शोधून नोंदणी पाहा. ब्युटी स्टुडिओत, पार्लरमध्ये, हॉटेलच्या खोलीत किंवा मैत्रिणीच्या घरी नाही. सुईविना दाबाने फिलर घालणारी पेनंही नकोत. त्यांच्याबद्दल एफडीएने २०२१ मध्ये खास इशारा दिला होता. मग डॉक्टरांना तोंडावर विचार: ‘या क्षणी क्लिनिकमध्ये हायल्युरोनिडेसच्या किती कुप्या आहेत?’ मागवून घेऊ, शेजारच्या मेडिकलमध्ये मिळते, असं उत्तर आलं तर उठून ये. नाकाचा रक्तपुरवठा अडला तर एक कुपी पुरत नाही, तासातासाने पुन्हा द्यावी लागते. ‘डोळ्याला काही झालं तर मला कुठे पाठवाल?’ हेही विचार. चांगल्या डॉक्टरांनी हे आधीच ठरवून ठेवलेलं असतं, त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही. तुला मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांग, कारण तिच्या विषातही हेच एन्झाइम असतं. आधी कधी कुठलाही फिलर घेतला असेल, संधिवातासारखा आजार असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, नाकावर पुटकुळी किंवा चमकीच्या भोकाला पू असेल, तेही सांग. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नकोस.

टोचताना काय दिसायला हवं तेही सांगते, म्हणजे तुला बघता येईल. चमकी काढायला लावतील, त्वचा दोन-तीनदा पुसतील, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो घेतील. सुई किंवा कॅन्युला, म्हणजे बोथट टोकाची बारीक नळी, नाकाच्या बरोबर मधल्या रेषेत, हाडापर्यंत खोल जाईल, कारण मोठ्या वाहिन्या बहुधा त्याहून वरच्या थरात असतात. डाव्या हाताची दोन बोटं नाकाच्या दोन्ही बाजूंना दाबून धरलेली असतील. दट्ट्या आधी मागे ओढून रक्त येतं का बघतील, आणि रक्त आलं नाही तरी निर्धास्त होणार नाहीत. मग थेंबाथेंबाने, अगदी सावकाश. प्रत्येक थेंबानंतर हात थांबेल आणि नजर सिरिंजवर नाही तर तुझ्या त्वचेवर असेल. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर पांढरेपणा चटकन दिसत नाही, म्हणून ते शेंडा बोटाने दाबून सोडतील आणि रंग दोन-तीन सेकंदांत परत येतो का ते पाहतील. घाईने, गप्पा मारत, एका दमात सिरिंज रिकामी करणारा हात दिसला तर ‘थांबा’ म्हणायचा तुला पूर्ण अधिकार आहे.

घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस थोडी सूज, दाबल्यावर दुखणं, क्वचित निळा डाग हे चालतं. हळूहळू वाढत जाणारी वेदना, पांढरी पडलेली त्वचा, नाकावर-गालावर-कपाळावर जांभळट जाळी, दाबल्यावर रंग परत यायला लागणारा उशीर, आणि दोन-तीन दिवसांनी मुरुमासारखे पांढरे फोड, यांतलं एकही चालत नाही. फिलरमध्ये भूल देणारं औषध मिसळलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीला दुखणं जाणवणारही नाही. म्हणून दुखण्यापेक्षा रंगावर लक्ष ठेव. असं काही दिसलं तर बर्फ लावू नकोस, फोनवर ‘नॉर्मल आहे, उद्या बघू’ ऐकून घेऊ नकोस, रात्र असली तरी जाऊन दाखव. आणि दिसणं अचानक कमी झालं, डोळ्यात असह्य कळ आली, पापणी पडली, जोराची उलटी किंवा बोलण्यात अडखळणं आलं, तर एक मिनिटही न दवडता मोठ्या रुग्णालयात जा आणि ‘नाकात फिलर घेतलाय’ हे पहिल्या वाक्यात सांग.

यासाठीच आईला सांग. तिची परवानगी काढ असं मी म्हणत नाही, तू सज्ञान आहेस, चेहरा तुझा आहे. पण त्या दिवशी आणि त्या रात्री तुझ्या नाकाचा रंग बघणारं, गाडी काढून तुला घेऊन जाणारं माणूस घरात हवं, आणि त्याला काय केलंय ते ठाऊक हवं. आणखी एक विचारते. हा उंचवटा तुला आधीपासून खुपत होता, की साखरपुड्यात कुणी काही बोललं तेव्हापासून? आपल्याकडे मुलगी ‘नाकी डोळी नीटस’ आहे की नाही हे चार पाहुण्यांत बोलून दाखवायची वाईट खोड आहे. आधीपासून खुपत असेल तर उपाय कर, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुसऱ्या कुणाच्या शेऱ्यासाठी मात्र मी तुला ही जोखीम घ्यायला सांगणार नाही. आणि दिवसातला बराच वेळ आरशात किंवा फोनवर नाकच बघण्यात जात असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर आधी समुपदेशकाशी बोल. तशा अवस्थेत नाक बदललं तरी समाधान होत नाही, हे डॉक्टरांनी वारंवार पाहिलं आहे.

टिकण्याबद्दल तुला सांगितलं ते साधारण बरोबर आहे, वर्ष ते दीड वर्ष. नाक फारसं हलत नाही, म्हणून काहींना त्याहून जास्तही टिकतो. पण ‘एक वर्ष झालं, पुन्हा भरा’ असा कॅलेंडर लावून जाऊ नकोस. आधीचा थोडा शिल्लक असताना भर पडत गेली की दोन-तीन खेपांत दांडा रुंद होतो.

आता नथीचं. दांड्यावर फिलर घेतला तर नथीच्या भोकाचा आणि त्याचा थेट संबंध येत नाही, लग्नात तू नथ जरूर घालशील. फक्त पहिले दोन आठवडे नथ नको, दाबाची तर नकोच, कारण ती अडकवता-काढताना नाक चिमटीत धरलं जातं. चष्मा लावत असशील तर तेवढे दिवस हलकी फ्रेम वापर, जड चष्म्याच्या आधाराचे ठसे ताज्या फिलरवर उमटतात. हळदीला बायका नाका-तोंडाला रगडून हळद लावतात, म्हणून फिलर आणि हळद यांत किमान महिना-दीड महिना ठेव. डाग पडला, सूज रेंगाळली, किंवा फिलर विरघळवून टाकायची वेळ आली, तरी तेवढ्यात सगळं निवळतं. दाताचं काही काम बाकी असेल तर ते फिलरच्या आधी दोन आठवडे उरकून घे. कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ मात्र याच आठवड्यात घे, आणि ते पडद्याबद्दल काय म्हणाले ते मला नक्की लिही. त्यांचं ऐकल्यावर माझा सल्ला बदलूही शकतो.

तुझी,
डॉक्टरताई